आधीचे भाग खेळूनच सीक्वेलकडे वळावे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की 'द विचर ३' हा व्हिडिओ गेम खेळण्याची तुमची इच्छा आहे, त्यापाठोपाठ 'मास इफेक्ट' आणि 'रेड डेड रिडेम्प्शन' या मालिकाही यादीत आहेत, खेळायला दिवसाकाठी तास-दीड तासच मिळतो, आणि आधीचे भाग न खेळता पुढचा भाग हाती घेतला तर कथा कळणार नाही अशी धास्ती वाटते. गेमची समीक्षा लिहिण्याच्या कामात हा निर्णय मला वर्षानुवर्षे घ्यावा लागला आहे, कारण परीक्षणासाठी येणारा मोठा गेम बहुधा कोणत्या ना कोणत्या मालिकेचा तिसरा-चौथा भाग असतो आणि आधीचे सगळे खेळून घ्यायला सवड क्वचितच मिळते. त्या अनुभवावरून सांगतो की कथा न कळण्याची धास्ती बहुतेक वेळा अनाठायी असते. एवढा खर्च करून काढलेला गेम फक्त जुन्या चाहत्यांनी विकत घेतला तर कोणत्याही मोठ्या स्टुडिओला ते परवडणार नाही. म्हणून नव्या खेळाडूला वाट सापडावी याची तजवीज ते स्वतःच करून ठेवतात. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नरॉक' (२०२२) च्या मुख्य मेन्यूतच आधीच्या भागाचा सारांश ठेवलेला आहे आणि 'किंगडम हार्ट्स ३' (२०१९) मध्ये जुन्या कथेच्या छोट्या चित्रफिती सुरुवातीलाच पाहता येतात.

मात्र सारांशातून माहिती मिळते, ओळख होत नाही. दोन पात्रांनी पूर्वी एकमेकांचा जीव वाचवला होता हे सीक्वेल एका वाक्यात सांगू शकतो. पण त्या पात्रांबरोबर तुम्ही घालवलेले तीस तास तो तुम्हाला देऊ शकत नाही. म्हणून मी स्वतःला जो प्रश्न विचारतो तो असा : हा सीक्वेल माझ्याकडून नुसत्या माहितीची अपेक्षा करतो आहे, की ओळखीची? माहितीवर भागणारे असेल तर सारांश पुरतो आणि मी सरळ नवा भाग सुरू करतो. ओळखीवर उभे असेल तर मात्र आधीचा भाग टाळून पुढे गेल्यास कथा कळते आणि तरीही तिचा परिणाम होत नाही, आणि हे नुकसान कळून येणेही अवघड असते, कारण आपल्याला काय वाटायला हवे होते हेच आपल्याला ठाऊक नसते.

हा प्रश्न विचारण्याआधी एक प्राथमिक छाननी करून घ्यावी, कारण नावापुढचा आकडा फार फसवा असतो. 'फायनल फँटसी' मालिकेत दहाव्या भागाचा नवव्याशी कथेच्या दृष्टीने काहीही संबंध नाही, परंतु 'फायनल फँटसी टेन-टू' (२००३) हा मात्र दहाव्याचाच थेट पुढचा भाग आहे. 'पर्सोना'चे तिसरा, चौथा आणि पाचवा हे भाग वेगवेगळ्या मुलांच्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. 'स्कायरिम' (२०११) ची कथा आधीच्या 'ऑब्लिव्हियन'नंतर दोनशे वर्षांनी घडते, आणि 'घोस्ट ऑफ योतेई' (२०२५) तर आधीच्या 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'मधल्या तेराव्या शतकातल्या त्सुशिमा बेटावरून थेट १६०३ सालात आणि नव्या नायिकेकडे जातो. अशा ठिकाणी आधीचे भाग म्हणजे त्याच लेखकमंडळींचे दुसरे काम एवढेच समजावे आणि मनाला येईल तेव्हा खेळावे. उलट टोकाला 'किंगडम हार्ट्स' आहे. तिथे दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांच्या मध्ये, साधे उपकथानक वाटावेत असे अनेक गेम हातात धरून खेळायच्या वेगवेगळ्या कन्सोलवर आले आणि तिसऱ्या भागाची अर्धी गुंतागुंत त्यांतच दडलेली आहे. फक्त आकडा असलेले भाग खेळलेला माणूस तिथेही गोंधळतोच. तेव्हा आकडा पाहू नये. नायक तोच आहे का, आणि आधीचा भाग संपल्यानंतर किती काळ लोटला आहे, या दोन गोष्टी गेमच्या जाहिरातीतल्या मजकुरावरूनही कळतात आणि त्यावरून बरेचसे अनुमान बांधता येते.

आता तुमच्या यादीकडे येतो. 'मास इफेक्ट' ही ओळखीवर उभ्या असलेल्या मालिकेचे मला माहीत असलेले सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. २००७, २०१० आणि २०१२ मध्ये आलेले तिचे तीन भाग एकाच नायकाची सलग कथा सांगतात आणि एका भागाची सेव्ह फाइल, म्हणजे तुमची प्रगती आणि निर्णय साठवलेली नोंद, पुढच्या भागात नेता येते. पहिल्या भागात एका साथीदाराचा जीव तुमच्या बोलण्यावर आणि तोवर केलेल्या कामांवर अवलंबून असतो (कोणाचा, ते मुद्दाम सांगत नाही). जुनी सेव्ह फाइल न देता दुसरा भाग सुरू केला तर तो साथीदार मेला आहे असे धरूनच गेम पुढे जातो. म्हणजे ज्याला तुम्ही कधी भेटलाच नाहीत त्याचा निकाल तुमच्या वतीने आधीच लागलेला असतो आणि पुढच्या दोन्ही भागांत त्याच्या जागी दुसराच कोणी उभा राहतो. त्याहून बोलके उदाहरण २०११ चे आहे. त्या वर्षी दुसरा भाग प्लेस्टेशन ३ वर आला तेव्हा पहिला भाग त्या कन्सोलवर उपलब्धच नव्हता, म्हणून पहिल्या भागातले मोठे निर्णय घेता यावेत यासाठी चित्रकथेसारखा एक छोटा परस्परसंवादी सारांश सोबत देण्यात आला. तांत्रिकदृष्ट्या सगळे निर्णय त्यातून पुढच्या गेमकडे जात होते. पण कोणाला वाचवायचे आणि कोणाला मागे सोडायचे हे काही मिनिटांच्या ओळखीवर एक बटण दाबून ठरवणे आणि ज्यांच्याबरोबर वीस तास काढले त्यांच्याबाबत ठरवणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. त्यामुळे इथे माझे उत्तर निःसंदिग्ध आहे : पहिल्यापासूनच सुरुवात करावी. २०२१ च्या 'लेजंडरी एडिशन'मध्ये तिन्ही भाग एकत्र मिळतात आणि पहिल्या भागातली लढाईही बरीच सुधारून घेतलेली आहे, त्यामुळे 'जुना भाग खेळवत नाही' ही सबबही फारशी उरत नाही.

निर्णय पुढे नेता येतात म्हणून आधीचे भाग खेळावेत, हा युक्तिवाद मात्र मी सरसकट मान्य करत नाही. 'ड्रॅगन एज' मालिकेत तिसऱ्या भागासाठी, म्हणजे २०१४ च्या 'इन्क्विझिशन'साठी, आधीच्या दोन भागांतले अक्षरशः शेकडो बारीकसारीक निर्णय नोंदवून ठेवण्याची स्वतंत्र वेबसाइट स्टुडिओने उभी केली होती. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, 'द व्हेलगार्ड' आला तेव्हा पात्र घडवतानाच तिसऱ्या भागाविषयीचे फक्त तीन निर्णय विचारले गेले आणि बाकीच्यांची दखलच घेतली गेली नाही. ज्यांनी केवळ पुढच्या भागात उपयोग होईल म्हणून जुने भाग पुन्हा घासून काढले त्यांच्या हाती काय आले, हे वेगळे सांगायला नको. याउलट 'सुइकोडेन २' (१९९८) मध्ये पहिल्या भागाची पूर्ण केलेली सेव्ह फाइल दिली तर पहिल्या भागाचा नायक तुमच्या तुकडीत सामील होऊ शकतो, आणि ती नसेल तर होत नाही. अशी बक्षिसे गोड असतात, पण त्यांच्यासाठी गेम खेळू नये. आधीचा भाग स्वतःच्या बळावर आवडण्यासारखा असेल तरच तो हाती घ्यावा.

'द विचर ३' (२०१५) चे प्रकरण यापेक्षा गुंतागुंतीचे आहे आणि म्हणून मला ते जास्त रंजक वाटते. वरवर पाहता नायक तोच, जग तेच, आणि २००७ व २०११ चे दोन भाग आधी येऊन गेलेले. तेव्हा वरच्या कसोटीनुसार पहिल्यापासून सुरुवात करा, असेच सांगावेसे वाटेल. पण तिसऱ्या भागाची कथा ज्या दोन स्त्रियांभोवती फिरते, ती सिरी आणि ती येनेफर, यांची आधीच्या दोन्ही गेममध्ये प्रत्यक्ष गाठच पडत नाही. त्या मूळ पोलिश कादंबऱ्यांमधून आलेल्या आहेत. पहिल्या दोन भागांत नायकाची स्मृती गेलेली असते, आणि त्यात त्याच्या सोबत दिसते ती ट्रिस ही जादूगारीण. म्हणजे दोन्ही गेम मन लावून खेळलेला माणूससुद्धा तिसऱ्या भागाच्या मुख्य नात्यांसमोर जवळपास नवखाच असतो. उलट ट्रिसशी जुळलेल्या ओळखीमुळे त्याचे पारडे एका बाजूला आधीच झुकलेले असते. तिसरा भाग लिहिणाऱ्यांना ही अडचण उघडच ठाऊक होती, म्हणून त्यांनी सिरीची ओळख पहिल्या स्वप्नदृश्यापासून स्वतः करून दिली आहे. आधीच्या भागांतून येणारी पात्रे आहेत आणि त्यांच्याशी पुन्हा भेट होण्यात मौजही आहे, दुसऱ्या भागात ज्याला मारायचे की सोडायचे हे तुम्ही ठरवता तो लेथो तर विशेषच. पण ती मौज कडेची आहे, मध्यावरची नाही.

त्यातच पहिल्या भागाची लढाई ठरावीक लयीत माउसची कळ दाबण्यावर बेतलेली आहे आणि तिची सवय होईपर्यंत बऱ्याच जणांचा उत्साह ओसरतो. शिवाय त्याचा रीमेक, म्हणजे नव्याने घडवलेली आवृत्ती, होणार असल्याचे स्टुडिओने २०२२ मध्येच जाहीर केले आहे. तुम्ही प्लेस्टेशनवर खेळत असाल तर प्रश्नच मिटतो, कारण पहिले दोन्ही भाग त्यावर आलेलेच नाहीत. संगणकावर खेळत असाल आणि राजकारणाची चांगली गोष्ट आवडत असेल, तर दुसरा भाग जरूर खेळावा. तो आटोपशीर आहे, आजही देखणा दिसतो आणि तिसऱ्या भागातल्या युद्धाची पार्श्वभूमी त्यातच घडते. पण तो तिसऱ्याची पूर्वअट आहे असे मी म्हणणार नाही.

'रेड डेड रिडेम्प्शन'च्या बाबतीत प्रश्न आधीचा भाग खेळावा की नाही असा नसून क्रमाचा आहे, कारण दुसरा भाग (२०१८) हा पहिल्याचा (२०१०) प्रीक्वेल, म्हणजे त्याच्या आधीच्या काळाची कथा सांगणारा भाग, आहे. दुसऱ्याची कथा १८९९ मध्ये सुरू होते, पहिल्याची १९११ मध्ये. प्रीक्वेलबद्दल माझा सर्वसाधारण नियम असा आहे की ज्या क्रमाने गेम प्रसिद्ध झाले त्याच क्रमाने खेळावेत, कारण प्रीक्वेल लिहिणारा लेखक शेवट तुम्हाला ठाऊक आहे हे गृहीत धरून प्रत्येक दृश्याला वजन देत असतो. 'मेटल गिअर सॉलिड ३' ची कथा १९६४ मध्ये घडते आणि कालक्रमात ती बरीच आधी येते. तरीही तीपासून सुरुवात करणाऱ्याला तिच्या शेवटामागचा उपरोध पुरता जाणवत नाही. 'रेड डेड'मध्येही हाच तर्क लागू होतो. दुसऱ्या भागातल्या टोळीतली काही नावे पहिल्या भागात वेगळ्याच प्रकाशात भेटतात, आणि दुसऱ्याच्या उपसंहारात जुन्या भागातला प्रदेश पुन्हा समोर येतो तेव्हा तो ओळखीचा वाटण्यातच खरी गंमत आहे.

तरीसुद्धा तुम्हाला मी दुसऱ्या भागापासून सुरुवात करायला सांगेन. कारण दुसऱ्या भागाचा नायक, आर्थर मॉर्गन, पहिल्या भागात नाहीच. त्याची कथा स्वतंत्रपणे पूर्ण होते आणि तिला आधीच्या ओळखीची गरज पडत नाही. उलट दुसरा भाग आधी खेळला तर त्यातून ज्या माणसांशी जवळीक होते त्यांना पहिल्या भागात बारा वर्षांनी भेटताना जी अस्वस्थता येते ती २०१० साली पहिला भाग खेळलेल्या कोणालाच मिळाली नसेल. पहिला भाग तुलनेने लहान आहे, त्यामुळे दुसऱ्यानंतर तो एखाद्या लांबलेल्या उत्तरार्धासारखा खेळून होतो. तो २०२३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि स्विचवर आणि २०२४ मध्ये संगणकावर आल्यामुळे मिळवायलाही आता सोपा झाला आहे. जुन्या चाहत्यांना हा सल्ला रुचत नाही याची मला कल्पना आहे.

सीक्वेल आधी खेळल्यावर मागे फिरता येईल का, हे तपासायला लोक सहसा विसरतात. जिथे आधीच्या भागाचा जीव एखाद्या रहस्यात असतो तिथे मागे फिरण्यात अर्थ उरत नाही. 'हॉरायझन झीरो डॉन' (२०१७) मध्ये जुने जग कसे संपले आणि ही यंत्ररूपी जनावरे कुठून आली, याचा उलगडा हळूहळू होतो आणि त्या उलगड्यासाठीच तो गेम लक्षात राहतो. 'फॉरबिडन वेस्ट' (२०२२) मात्र तो उलगडा ठाऊक आहे असे धरून पहिल्याच तासात त्याविषयी उघड बोलू लागतो. 'द लास्ट ऑफ अस'चा दुसरा भाग (२०२०) तर पहिल्याच्या (२०१३) शेवटच्या निर्णयाचेच परिणाम मांडतो. तो निर्णय कोणी तरी सांगितलेला असणे आणि त्या माणसाच्या हातांनी तो तुम्ही स्वतः घडवलेला असणे यावर दुसऱ्या भागाचा सारा भार आहे. अशा गेमांत आधीचा भाग वगळण्याची मुभा मी कोणालाही देत नाही. दुसरी अडचण सोयींची असते : नव्या भागातली सुटसुटीत हालचाल, चांगला नकाशा आणि झटपट प्रवास यांची सवय झाल्यावर जुना भाग हाताला जड लागतो. ही अडचण रहस्य फुटण्याइतकी मोठी नाही, पण थोडी सहनशीलता तिला लागतेच.

वेळेचा हिशेब तुमच्या बाबतीत निर्णायक ठरावा. 'पोर्टल' (२००७) तीन-चार तासांत संपतो, त्यामुळे 'पोर्टल २' च्या आधी तो खेळावा का याची चर्चा करण्यात जितका वेळ जाईल तितक्यात तो खेळून होईल. 'विचर'चे पहिले दोन भाग मिळून मुख्य कथेपुरते धरले तरी साधारण साठ तास घेतात, आणि तुमच्या दिवसाच्या तास-दीड तासात ते दीड-दोन महिने झाले. एवढ्या काळात मूळ इच्छा विरून जाते. मालिका पहिल्यापासून नीट खेळायची असा संकल्प सोडलेले आणि ज्या भागासाठी हे सारे मांडले तो भाग कधीच न गाठलेले खेळाडू मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यातून, एकाच घडणीचे गेम पाठोपाठ खेळल्याने येणारा कंटाळा शेवटच्या, म्हणजे बहुधा सर्वांत चांगल्या, भागावर निघतो. म्हणून आधीचा भाग खेळायचाच ठरले तर काठिण्यपातळी खुशाल खाली आणावी, उपकामे सोडून द्यावीत, मुख्य कथा आणि साथीदारांशी संबंधित कामे तेवढी करावीत, आणि दोन भागांमध्ये वेगळ्या प्रकारचा एखादा छोटा गेम घालावा. ज्या मालिकेचे अनेक भाग आहेत तिथे मी फक्त लगतचा आधीचा भाग खेळतो आणि त्यामागचे सारांशावर सोडतो.

सारांशाच्या चित्रफितींबद्दल एक सावधगिरी हवी. त्या पाहण्याआधी निर्णय पक्का झालेला असावा, कारण चांगला सारांश आधीच्या भागाचा शेवट उघड करतोच आणि तो पाहिल्यावर 'खेळूनच बघू' असे वाटले तरी खेळण्यासारखे थोडेच उरते. रीमेकच्या बाबतीतही गृहीत धरू नये. 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' (२०२२) हा मूळ गेमचा विश्वासू पर्याय आहे, पण २०२० चा 'फायनल फँटसी सेव्हन रीमेक' १९९७ च्या मूळ गेमशी मुद्दाम वाद घालत पुढे जातो आणि मूळ गेम ठाऊक असलेल्यालाच तो वाद पुरता कळतो.

काही वेळा निर्णय आपल्या हातातही राहत नाही. 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आता विक्रीत उपलब्ध नसल्याचे आढळले. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या आपल्या जुन्या कन्सोलची ऑनलाइन दुकाने बंद केली, आणि २०२४ च्या जुलैमध्ये एक्सबॉक्स ३६० चेही दुकान मिटले. मालिका निवडण्याआधी तिचे जुने भाग तुमच्या यंत्रावर विकत मिळतात का, एवढे पाहून घेतले तर बराच खल आपोआप वाचतो.

जिथे कथा नावापुरती आणि हातातले कसब हेच सारे, तिथे वेगळा विचार करावा. 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' (२०२५) ची नायिका निराळी आहे आणि राज्यही निराळे, पण तो गेम सुरुवातीपासूनच कठोर आहे आणि २०१७ चा 'हॉलो नाइट' खेळलेल्या हातांना तिथे जी सवय उपयोगी पडते ती कोणताही सारांश देऊ शकत नाही.

तुमच्यासाठी प्रत्यक्ष योजना अशी सुचवतो. 'द विचर ३' सुरू करताना दुसऱ्या भागाची सेव्ह फाइल गृहीत धरण्याचा जो पर्याय विचारला जातो तो चालू ठेवा. गेमचा पहिला प्रदेश, व्हाइट ऑर्चर्ड, लहानसा आणि स्वयंपूर्ण आहे. तुमच्या वेगाने तो आठवड्याभरात पुरा होईल आणि तोवर हे जग तुम्हाला धरून ठेवते की नाही हे कळेल. त्यानंतर नायक विझिमाच्या राजवाड्यात पोहोचतो आणि तिथे दाढी करून घेत असताना एक सेनाधिकारी त्याला मागच्या घटनांविषयी प्रश्न विचारतो. तीच दुसऱ्या भागातल्या निर्णयांची नोंद असते. व्हाइट ऑर्चर्डमध्येच तुम्हाला या राजांच्या आणि हेरांच्या भानगडीत रस वाटू लागला, तर राजवाड्यात जाण्याआधी गेम तिथेच सेव्ह करून दुसरा भाग खेळून या आणि परतल्यावर त्या प्रश्नांना तिथे घेतलेल्या निर्णयांप्रमाणे उत्तरे द्या. जुनी सेव्ह फाइल वेगळी आणावी लागत नाही. तसा रस वाटला नाही तर जे उत्तर त्या क्षणी पटेल ते द्यावे आणि पुढे जावे.